बापाच्या दगडाचा दावा

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की सातारा शहराबाहेर, कोरेगावच्या रस्त्याला, एका बांधावर एक दगड उभा आहे. उंचीने तो गुडघ्याएवढा असून दिसण्यात काहीही विशेष नाही. परंतु त्याच्यापायी एका रक्ताची दोन घरं एकमेकांच्या मयतालासुद्धा जायची बंद झाली, दोन वकिलांच्या घरांवर वरचे मजले चढले, आणि एकदा तर थेट विलायतेहून एक बाई त्याच्यावर हक्क सांगायला आली. सदर प्रसंगी प्रस्तुत लेखक दुभाष्या म्हणून जातीने हजर होता. तरी ज्यांना खोकायचं असेल त्यांनी खोकून घ्यावं, तोंडात पान असेल त्यांनी बाहेर जाऊन यावं, आणि मग स्वस्थ बसावं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी पुण्याहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. "तुमचं इंग्रजी नाटकातलं आहे, पण मोठ्यानं बोलता, तेवढं पुरेल," तो म्हणाला. एक परदेशी बाई साताऱ्याला येत होती. तिला तिच्या बापाची कबर शोधायची होती. बरोबर बोलणारं कुणीतरी हवं होतं, आणि माझी थोरली बहीण साताऱ्यात दिलेली, म्हणून हा मान माझा. आम्ही सांगलीची हौशी नाटकवाली माणसं. नवं पात्र भेटतंय म्हटल्यावर नाही म्हणणारा सांगलीत अजून जन्माला यायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि इस्लामपूर, मलकापूर, कराड करत साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो.

बाई उभीच होती. साठी ओलांडलेली, उंच, डोक्यावर कापडी टोपी, पायात फौजी बूट, आणि चेहरा असा की कंडक्टरनं न मागता सुट्टे परत दिले असते.

"उशीर केलास," ती म्हणाली. नमस्कार वगैरे काही नाही.

"एसटी वाटेत जरा—"

"इथं तेव्हाही सगळं उशिराच यायचं. पत्रं, दूध, डॉक्टर. सगळं."

मी पाहुण्यांना दाखवतात तसा सवयीनं अजिंक्यताऱ्याकडे हात केला. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तो डोंगर मला दाखवू नकोस. पहारेकऱ्यासारखा रोज उरावर असायचा. मी हौसेनं आलेली नाही."

पेढ्यांचं नाव मी काढलंच नाही.

सदर बझारकडे चालता चालता तिनं मला जे सांगितलं ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. तिचे आईवडील जर्मनीतले ज्यू. बाप दातांचा डॉक्टर. तिथं ज्यूंचं जगणं अशक्य झालं तसे हे तिघे मिळेल त्या बोटीनं मुंबईला आले. जरा स्थिरावले तोच महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारनं पासपोर्ट तपासले. पासपोर्ट जर्मन, म्हणजे शत्रू! जर्मनीत ज्यू म्हणून लाथ बसली, आणि इथं जर्मन म्हणून. उचलून साताऱ्याच्या छावणीत आणून टाकलं. तशी आणखीही कुटुंबं होती. शुक्रवारी सूर्य मावळला की ही सगळी मंडळी एका व्हरांड्यात जमून मेणबत्त्या लावायची आणि हळू आवाजात प्रार्थना म्हणायची. हळू अशासाठी, की छावणीत खरे जर्मनही होते, आणि त्यांच्यातले काही हिटलरच्या फोटोला हार घालणारे होते. ज्यांच्यापासून पळून आले त्यांच्याच शेजारी कोंडलं!

"मग लोक मला विचारतात, भारत आवडला का," बाई म्हणाली आणि रस्त्यावर थुंकली. अगदी आपल्यासारखी थुंकली. मला जरा आपलेपणा वाटला.

छावणीत त्यांना ठेवलं होतं तो बंगला सापडला. फाटकाशी एक निवृत्त फौजी बनियनवर उभा होता आणि त्याच्यापेक्षा जास्त निवृत्त दिसणारं एक कुत्रं.

"किसने भेजा?" त्यानं विचारलं.

मी मराठीतून सांगितलं की या बाई लहानपणी इथं राहत होत्या, व्हरांडा बघून जातील. बाईनं व्हरांड्याकडे बोट केलं. तिथं चार कुटुंबं राहायची, मध्ये चादरी टांगलेल्या असायच्या, आणि त्या खांबाशी खुर्ची ठेवून तिचा बाप गावातल्या लोकांचे दात काढायचा. मी हे सगळं हावभावांसकट भाषांतरित केलं. माझी चूक तीच झाली.

"चार कुटुंबं?" फौजी म्हणाला. "म्हंजे कब्जा होता म्हना की! आनि आता मालकी सांगायला आलीया!"

"नाही हो, फक्त बघायला—"

"बघायला म्हनूनच येत्यात सगळी. उद्या कागद काडंल. आऊट! कुत्रं सोडीन!"

कुत्र्यानं आपलं नाव निघालंय असं समजून एक जांभई दिली.

"काय म्हणतोय?" बाईनं विचारलं.

"म्हणतात, घरात आजारी माणूस आहे."

"खोटं बोलतोस," बाई म्हणाली. "अशा माणसाचा आवाज मला कुठल्याही भाषेत कळतो." आणि तिनं फौजीला जर्मन भाषेत काहीतरी सुनावलं. ते मला कळलं नाही, पण कुत्रं मात्र घरात गेलं.

दुपारी तिला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे नेलं. अक्काचं घर शेताला लागूनच. दाजी ओसरीवर बसलेले. दाजींचा स्वभाव सांगायचा तर, समोरचा माणूस रामराम म्हणाला तरी ते आधी विचार करायचे की ह्याला नेमकं काय पाहिजे. अक्कानं पाहुणी येणार म्हणून मटण केलं होतं. बाईनं ताट बघितलं आणि हात मागे घेतला. त्यांच्यात बकरं कापायची रीत वेगळी. त्या रीतीनं कापलेलं नसेल तर त्या खात नाहीत, असं मी सांगितलं.

"आमच्या घरचं चालंना व्हय?" दाजी म्हणाले. "बाटंल ती?"

"काय म्हणतोय?"

"म्हणतात, संकोच करू नका."

"त्याच्या भुवया तसं म्हणत नाहीयेत."

शेवटी बाईनं भाकरी आणि ठेचा घेतला. ठेच्यानं डोळ्यातून पाणी काढलं तरी तिनं ताट संपवलं, केवळ दाजी बघत होते म्हणून. दाजींनाही ते आवडलं नाही. ती रडून उठली असती तर त्यांना जेवण गोड लागलं असतं.

मग अक्कानं विचारलं, आणि बाईनं सांगितलं. तिचा बाप छावणीतच तापानं गेला. ख्रिस्ती दफनभूमीत त्याला ठेवणं आईला मंजूर नव्हतं. तेव्हा एका शेतकऱ्यानं आपल्या रानाच्या कडेला जागा दिली. त्या शेतकऱ्याची सडकी दाढ बापानं व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवून काढली होती आणि फी घेतली नव्हती. लढाई संपली, मायलेकी विलायतेला गेल्या, आणि आई मरेपर्यंत पुन्हा इथं येणं काही जमलं नाही.

बाईनं खिशातून एक रुमाल काढून सोडला. आत सुपारीएवढा करडा खडा होता. ज्यू लोक कबरीवर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. आलो होतो, विसरलो नाही, इतकंच त्या खड्याचं सांगणं. हा खडा तिच्या आईच्या कबरीवरचा होता. तो तिला बापाच्या अंगावर ठेवायचा होता. बाकी साताऱ्याशी तिला काहीही कर्तव्य नव्हतं.

"अगंबाई!" अक्का म्हणाली. "मामंजींची दाढ काढल्याला सायब त्योच की! आवं, आपल्या बांधावरचा दगड—"

दाजींनी तिच्याकडे असं बघितलं की उरलेलं वाक्य तिनं पदरात घेतलं. पण अर्धं वाक्य बाहेर पडलं होतं, आणि मी ते बाईला सांगून टाकलं. असल्या वेळी गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

आता दगडाची हकिकत. दाजींच्या वडलांनी, म्हणजे अक्काच्या मामंजींनी, डॉक्टरला रानाच्या रस्त्याकडच्या कडेला पुरायला जागा दिली. वर एक दगड उभा केला होता. पुढं मामंजी आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात रानाची वाटणी झाली. हद्दीला खूण पाहिजे होती, दगड आयताच उभा होता, तोच हद्द ठरला. मेलेल्या माणसाची साक्ष दोघांनाही पक्की वाटली असणार. अलीकडचं रान थोरल्या पातीचं, म्हणजे आता दाजींचं, त्यात आल्याचं पीक. पलीकडचं धाकट्या पातीचं, म्हणजे दाजींच्या चुलतभावाचं. दोघे भाऊ असेतो ठीक चाललं. पोरांच्या हातात आल्यावर चुलतभावाचं म्हणणं पडलं की दगड रात्रीतून त्याच्या रानात सरकलाय. दाजींचं म्हणणं, दगड जागचा हललेलाच नाही. कोर्टात त्यांनी तसं शपथेवर सांगितलं होतं. दावा चालू होता. कबरीचं आता कुणी नावही काढत नव्हतं. दर दिवाळीला दोन्हीकडून चुना फासून फासून दगडाला शंकराच्या पिंडीसारखं गुळगुळीत रूप आलं होतं.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा चुलतभाऊ पलीकडे दारं मोडून पिकाला पाणी देत होता. गोरी बाई बघून त्यानं खोरं टाकलं आणि आला. रस्त्यानं जाणारे दोघेतिघे सायकली लावून उभे राहिले. असली नाटकं सांगलीच्या नाट्यगृहातसुद्धा फुकट बघायला मिळत नाहीत.

बाई दगडापाशी बसली आणि बूट चढवायच्या लोखंडी पट्टीसारखं काहीतरी काढून चुना खरवडायला लागली.

"आवं, आवं! हद्द खरवडतीया!" दाजी ओरडले.

"खरवडू दे की रं, थोरल्या पातीच्या!" चुलतभाऊ म्हणाला. "आतनं तुजं पाप निघंल!"

पाप निघालं नाही, अक्षरं निघाली. चौकोनी, उजवीकडून डावीकडे जाणारी, हिब्रू. बाईनं त्यांवरून बोट फिरवलं. खाली लहान जर्मन अक्षरं होती. ती वाचताना तिचा आवाज जरासा घसरला आणि लगेच तिनं तो सावरला. बापाचं नाव होतं.

मी म्हटलं, आता खडा ठेवा आणि चहाला चला. पण बाई दगडाच्या बुडाकडे बघत होती. तिथली माती भुसभुशीत होती आणि दगड जरा तिरका उभा होता.

"हा मूळ जागेवर आहे ना?" तिनं विचारलं. "दगडाशी मला काही करायचं नाही. दगड नावापुरता. खडा माझ्या बापावर ठेवायचाय. तो याच्याच खाली आहे ना, एवढं त्याला विचार."

मी विचारलं.

"दगड जागचा हललेला न्हाई," दाजी म्हणाले. कोर्टात म्हणतात तस्संच.

पलीकडून चुलतभावानं मांडीवर थाप मारली. "हललेला न्हाई? आरं, चालतोय त्यो! पाय फुटल्यात त्याला!"

आतापर्यंत मी दोन्ही बाजूंच्या शिव्यांना साखर लावत आलो होतो. पण हे वाक्य मी अगदी जसंच्या तसं भाषांतरित केलं. बाई उभी राहिली. तिनं मला सांगितलं, दाजींना सांग की ते चोर आहेत. मी सांगितलं, "बाई म्हणतात, जरा नीट आठवून बघा." दाजींनी मला सांगायला सांगितलं की म्हातारी जमीन लाटायला आलेली आहे आणि तिला कुणीतरी वकील लावून दिला असणार. मी सांगितलं, "ते म्हणतात, फार जुनी गोष्ट आहे."

"तू वाईट दुभाष्या आहेस," बाई म्हणाली.

कपाळाचा घाम पुसायला रुमाल हवा म्हणून तिनं खडा क्षणभर खाली ठेवला. दगडापासून हातभर अलीकडे, दाजींच्या रानात.

आपल्याकडे चार माणसांसमोर कुणी परक्यानं रानात दगड ठेवला, तर त्याचा अर्थ एकच. हद्द घातली! दाजी वाघासारखे झेपावले, "खुट्टा रवती व्हय गं!" म्हणाले, आणि विलायतेहून आईच्या कबरीवरून आलेला तो खडा उचलून बांधापलीकडे भिरकावला.

चुलतभाऊ दचकून मागे सरला. पायाशी पडलेल्या खड्याकडे त्यानं इंगळी बघावी तसं बघितलं. मग त्याच्या डोक्यात तेच आलं. "माज्या रानात ढकलतोस व्हय रं तिचा दावा?" म्हणून त्यानं तो परत फेकला. दाजींनी पुन्हा तिकडे फेकला. त्यानं पुन्हा इकडे. सायकलवाल्यांपैकी एकानं "लय भारी!" म्हणून शिट्टी मारली. बाई बांधावर मधोमध उभी, मान इकडून तिकडे करत, तिची आई डोक्यावरून जाताना आणि येताना बघत होती. 

मला हसू येत होतं, हे मी नाकबूल करणार नाही. तोंडात रुमाल कोंबला होता.

खेळ अक्कानं थांबवला. खडा तिच्या अंगावर आला तो तिनं पदरात झेलला, आणि नवऱ्याला आयुष्यात कधी बोलली नव्हती त्या आवाजात म्हणाली, "आवं, तिच्या आईच्या थडग्यावरचा खडा हाय त्यो! बापावर ठिवायला आनलाय! जमीन घिऊन काय करील ती, ह्या वयात आलं लावंल?"

दोघेही खाली बघायला लागले. अक्कानं खडा पुसून बाईच्या हातावर ठेवला. बाईनं मूठ मिटली आणि मला म्हणाली, "आता एकदाच विचारते. दगड आधी कुठं होता? कुणीही सांगावं. मी कोर्टात जाणार नाही, पोलिसात जाणार नाही, पुन्हा या भिकार गावात पाय ठेवणार नाही. फक्त जागा सांगा."

मी सांगितलं. या वेळी साखर न लावता, भिकार गावासकट.

दाजी आभाळाकडे बघत राहिले. त्यांची अडचण मला दिसत होती. दगड दुसरीकडे होता म्हणायचं, तर शपथ खोटी. आणि ऐकायला चुलतभाऊ, वर सायकलवाले साक्षीदार. इतकी वर्षं ज्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या ते एका वाक्यात हातचं जाणार.

चुलतभाऊ मात्र बांध ओलांडून अलीकडे आला. कित्येक वर्षांत तो त्या रानात उतरला नव्हता. "मी दावतो की," म्हणाला. "मला बानं दावलीया जागा." आणि तो आल्याच्या सऱ्या ओलांडत तडक आत गेला, दाजींच्या रानाच्या पार मध्यावर, बोअरपाशी, आणि टाच आपटून म्हणाला, "हितं. ह्याच्या खाली हाय सायब."

दाजींच्या बोअरपाशी! म्हणजे उद्या हद्दही तिथंच, आणि पाणीही त्याचंच. भावकीतला माणूस भावकीला किती खोल मारू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. अक्कानं तोंडाला पदर लावला. मी बाईला सांगितलं की हा म्हणतो, तिथं. माझा विश्वास नव्हता. पण माझ्या विश्वासाला तिथं काय किंमत?

बाई निघाली. सऱ्यांत बूट रुतत होते. चुलतभावापाशी जाऊन तिनं त्याला हातानं बाजूला केलं, टोपी नीट केली आणि गुडघे टेकले. गुडघे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणायला लागली, हळू आवाजात, व्हरांड्यात म्हणत असतील तशी. खरीखुरी रडत होती. दिवसभर जिनं कुणाला एक गोड शब्द दिला नाही ती बाई बोअरच्या पाइपासमोर बसून, नसलेल्या बापासाठी रडत होती.

मी दाजींकडे बघितलं. एखादी लेक दुसऱ्याच कुणाच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडत असावी, आणि आपल्याला एकट्याला ते ठाऊक असावं, तसा चेहरा झाला होता त्यांचा.  चुलतभाऊ बाईकडे बघतच नव्हता. तो कंबरेवर हात ठेवून फक्त दाजींकडे बघत होता.

बाईनं मूठ उघडली. खडा मातीकडे न्यायला लागली. आणि दाजींनी धोतराचा सोगा धरला, आल्याच्या सऱ्या तुडवत धावले, आणि दोन्ही रानांतली पाखरं उठतील अशा आवाजात ओरडले:

"आवं बाई, उठा! तितं न्हाई तुमचा बाप! ह्या कडंच्या सरीत हाय त्यो, माज्या आल्याखाली! दगड मीच सरकवलाय, मीच!"